सुंठीवाचून गेलेला खोकला

रजेच्या अर्जाची भाषा कचेऱ्यांतून अनेक पिढ्या जशीच्या तशी चालत आली होती. "ताप व अंगदुखी यांमुळे आज कामावर हजर राहू शकत नाही, तरी एक दिवसाची रजा मंजूर व्हावी ही विनंती," हे वाक्य कारकुनाला कोणी शिकवावे लागत नसे आणि साहेबालाही ते पुरते वाचावे लागत नसे. गेल्या काही वर्षांत, विशेषतः ज्या कचेऱ्यांचे काम संगणकावर चालते तेथे, या वाक्याची जागा दुसऱ्याच एका वाक्याने घेतली आहे. "बरे वाटत नाही, आज घरून काम करतो." वरवर पाहता दोहोंत फारसा फरक दिसत नाही. परंतु पहिल्या वाक्यात आजारी माणूस कामातून मोकळीक मागतो. दुसऱ्यात तो केवळ प्रवासातून मोकळीक मागतो आणि काम अंथरुणापर्यंत बरोबर नेतो. पहिल्याची हजेरीपटावर रजा म्हणून नोंद होते. दुसऱ्याची नोंद बहुधा कोठेच होत नाही.

वर्षाच्या अखेरीस आस्थापना विभाग हिशेब मांडतो, तेव्हा एक-दोन दिवसांच्या आजारपणाच्या रजा कमी झाल्याचे दिसते. काम थांबलेले नसते, वेतनखर्च वाढलेला नसतो आणि कर्मचारीही समाधानी असल्याचे सांगतात. सुंठीवाचून खोकला गेला, अशी व्यवस्थापनाची समजूत होणे यात नवल नाही. हा खोकला खरोखरच गेला आहे, की केवळ साहेबाच्या कानी पडेनासा झाला आहे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. तो केवळ खासगी कंपन्यांतील उच्चविद्याविभूषितांचा प्रश्न नाही. आजारी पडण्याचा, आणि आजारी असताना काम न करण्याचा, जो हक्क नोकरदार वर्गाने मोठ्या सायासाने मिळवला, त्याच्या भवितव्याचा हा प्रश्न आहे.

जुनी कल्पना, नवे वास्तव

घरून काम ही कल्पना महासाथीबरोबर जन्माला आली, असा एक समज आहे. वस्तुतः अमेरिकेतील जॅक निल्स या अभियंत्याने १९७३ मध्येच या पद्धतीला नाव दिले होते. त्या काळी चिंता होती ती वाहतुकीची आणि इंधनाची. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे आणले, तर रस्त्यावरील गर्दी आणि तेलाचा खर्च दोन्ही वाचतील, असा तो हिशेब होता. कल्पना चांगली असूनही पुढील चार दशके ती मोजक्या कंपन्यांपुरती राहिली. २४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि जे चाळीस वर्षांत घडले नव्हते ते चाळीस तासांत घडले. बँकांच्या प्रशासकीय विभागांपासून विमा कंपन्यांपर्यंत आणि सॉफ्टवेअर उद्योगापासून महाविद्यालयांच्या वर्गांपर्यंत, शक्य ते सारे काम घरात शिरले.

महासाथ ओसरल्यावर हे काम पूर्णतः कार्यालयात परतले नाही. अनेक ठिकाणी आठवड्यातील दोन-तीन दिवस कार्यालय आणि उरलेले दिवस घर, अशी मिश्र पद्धत रुजली. जेथे ती अधिकृत नाही, तेथेही अडीअडचणीला 'आज घरून करतो' असे म्हणण्याची मुभा राहिली. आजारपण ही या अडीअडचणींपैकी सर्वांत नेहमीची होय.

आकडे काय सांगतात?

या विषयावरील सर्वांत गाजलेला प्रयोग महासाथीपूर्वीचा आहे. सीट्रिप ही चीनमधील प्रवास-आरक्षणाची मोठी कंपनी. तिचे मुख्यालय शांघायला असून प्रयोगाच्या वेळी तिच्याकडे सुमारे १६,००० कर्मचारी होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी या कंपनीच्या दूरध्वनी-सेवा विभागात डिसेंबर २०१० पासून नऊ महिने हा प्रयोग केला. घरून काम करण्यास तयार असलेल्यांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यातून चार दिवस घरून काम दिले गेले आणि विषम तारखेचे कार्यालयातच राहिले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. या १३ टक्क्यांची फोड अधिक बोलकी आहे. त्यांतील सुमारे ४ टक्के वाढ दर मिनिटाला अधिक काम उरकल्यामुळे झाली होती. उरलेली ९ टक्के वाढ अधिक मिनिटे काम केल्यामुळे झाली होती. ही अधिक मिनिटे आली कोठून? मधली विश्रांती कमी झाली आणि आजारपणाचे दिवस कमी झाले, हे त्याचे उत्तर होते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे आकडे याच दिशेने बोट दाखवतात. २०२० मध्ये तेथे कधीही घरून काम न करणाऱ्यांत आजारपणामुळे बुडालेल्या कामाच्या तासांचे प्रमाण सरासरी २.२ टक्के होते. घरून काम करणाऱ्यांत ते ०.९ टक्के होते. त्याच पाहणीत असेही दिसले, की घरून काम करणारे आठवड्याला सरासरी सहा तास बिनमोबदल्याचे जादा काम करत होते, तर घरून कधीच काम न करणारे ३.६ तास. अर्थात या दोन गटांतील माणसे सर्वस्वी सारखी नव्हती. घरून काम करता येणारी पदे बहुधा बैठी, बऱ्या पगाराची आणि शारीरिक कष्ट कमी असलेली असतात. त्यामुळे हा सारा फरक घरून काम केल्यामुळेच पडला, असे म्हणता येणार नाही. तथापि चीनमधील प्रयोगात, जेथे निवड जन्मतारखेने म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे झाली होती, तेथेही आजाराचे दिवस घटलेच होते. तेव्हा घट झाली हे मान्य करावयास हवे. वाद आहे तो तिच्या अर्थाविषयी.

आजाराचे तीन प्रकार

हा अर्थ लावण्यासाठी अल्प मुदतीच्या आजारपणाची थोडी चिकित्सा करणे आवश्यक आहे. कार्यालयीन कर्मचाऱ्याच्या दृष्टीने एक-दोन दिवसांचे आजारपण तीन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात माणूस उठून बसण्याच्याही अवस्थेत नसतो. एकशेतीन ताप, उलट्या, अर्धशिशीचा तीव्र झटका अशा वेळी कार्यालय दूर असो वा शेजारच्या खोलीत, काम होत नाही. येथे घरून काम करण्याच्या सोयीने काहीच बदलत नाही.

दुसऱ्या प्रकारात माणूस टेबलाशी बसून काम करू शकतो, परंतु कार्यालयापर्यंत पोहोचू शकत नाही. मुरगळलेला पाय, पोटाची किरकोळ तक्रार, दात काढल्यानंतरचा दिवस ही त्याची उदाहरणे होत. विरारहून चर्चगेटला किंवा कर्जतहून शिवाजी महाराज टर्मिनसला उभ्याने जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत रजेचे खरे कारण पुष्कळदा आजार नसून प्रवास असतो. अशा वेळी घरून काम करता आले, तर कर्मचाऱ्याची रजा वाचते आणि कार्यालयाचे काम अडत नाही. सर्दी-पडशाच्या रोग्याने डब्यातील आणि कचेरीतील पाचपन्नास जणांना प्रसाद वाटण्याऐवजी घरी थांबणे, हे समाजाच्याही हिताचे आहे. घरून काम या पद्धतीचा हा निर्विवाद लाभ असून तो नाकारण्याचे कारण नाही.

तिसरा प्रकार मात्र वेगळा आहे. त्यात माणसाला काम करणे शक्य असते, पण ते करणे योग्य नसते. शंभर-एकशेएक ताप असताना पडद्याकडे पाहत आकडेमोड करता येते. नुकत्याच येऊन गेलेल्या डेंग्यूच्या अशक्तपणातही चार तास बैठकीत 'हजर' राहता येते. पूर्वी असा माणूस रजा घेत असे. कारण प्रवासाची कल्पनाच त्याला नको वाटे. प्रवासाचा त्रास हा अशा प्रकारे त्याच्या विश्रांतीचा अजाणता रक्षक होता. तो रक्षक दूर झाला आणि आता विश्रांती व काम यांमध्ये फक्त कर्मचाऱ्याचा स्वतःचा निश्चय उरला. रजेच्या आकड्यांत जी घट दिसते, तीत दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या आजाराची सरमिसळ झालेली असते. पहिली बचत खरी आहे. दुसरी बचत नव्हेच. तो कर्मचाऱ्याच्या प्रकृतीच्या खात्यातून काढलेला उचल पैसा आहे आणि त्याची परतफेड पुढे कधीतरी करावी लागते.

ही परतफेड किती जड असू शकते, याची कल्पना लंडनच्या कारकुनांनी दिली आहे. ब्रिटिश सरकारच्या लंडनमधील कचेऱ्यांत काम करणाऱ्या दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची पाहणी १९८५ मध्ये सुरू झाली. 'व्हाइटहॉल' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्या आधारे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुष कर्मचाऱ्यांची माहिती तपासली गेली. मुळातच प्रकृती ठीक नसलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के पुरुषांनी तीन वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतलेली नव्हती. या गटात हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण, तशीच प्रकृती असूनही मध्यम प्रमाणात रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट निघाले. एका अभ्यासावरून कार्यकारणाचा अंतिम निवाडा देता येत नाही, हे खरे. परंतु ज्याच्या रजेच्या खात्यावर एकही लाल रेघ नाही, त्या कर्मचाऱ्याला आदर्श मानून सत्कार करण्यापूर्वी व्यवस्थापनाने जरा थांबावे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येईल.

रजा का घेतली जात नाही?

रजा शिल्लक असताना माणूस आजारपणात काम का करतो, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे एक कारण दृष्टीआड असण्याच्या भीतीत आहे. कार्यालयात आलेल्या माणसाचा खोकला साहेबाला ऐकू येतो, उतरलेला चेहरा दिसतो आणि पुष्कळदा साहेबच 'घरी जा' असे म्हणतो. घरून काम करणाऱ्याचे फक्त काम दिसते. ते दिसले नाही, तर माणूसच दिसत नाही. चीनमधील त्याच प्रयोगात असे आढळले होते, की कामगिरी सारखी असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी राहिली. ज्याला आपण विसरले जाऊ अशी धास्ती आहे, तो तापातही पडद्यावरील हिरवा ठिपका विझू देत नाही. ही धास्ती अनाठायी आहे, असे या आकड्यांपुढे म्हणवत नाही.

दुसरे कारण रजेच्या नियमांत आहे. महाराष्ट्रातील खासगी दुकाने व आस्थापना यांना लागू असलेल्या २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ दिवसांची सवेतन नैमित्तिक रजा दिली आहे. ती वर्षअखेरीस व्यपगत होते. आजारपणाच्या रजेचा स्वतंत्र रकाना या कायद्यात नाही. दिल्लीच्या १९५४ च्या कायद्यात आजारपण व नैमित्तिक मिळून बारा दिवस आहेत. पण तेथेही दोन्ही एकाच पिशवीत आहेत. लग्नकार्य, शाळेतील पालकसभा, गावाकडील वडिलांचे दवाखान्याचे काम आणि स्वतःचा ताप या सर्वांची तरतूद एकाच पिशवीतून करावयाची असेल, तर शहाणा संसारी माणूस स्वतःच्या तापालाच काट मारणार. घरून काम करण्याची मुभा मिळाली, की ही काट मारणे अधिकच सोपे होते.

सरकारी कर्मचाऱ्याची स्थिती त्या मानाने बरी आहे. केंद्राच्या १९७२ च्या आणि महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांनुसार वर्षाला वीस दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण वेतनाच्या परिवर्तित रजेत बदलता येते. मात्र तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. दोन दिवसांच्या तापासाठी दाखला मिळवण्याची दगदग आणि चार दिवसांची वजावट यांपेक्षा नैमित्तिक रजा टाकणे किंवा अंगावर काढणे, हाच मार्ग मग पत्करला जातो.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. २०१९ च्या राष्ट्रीय काळ-उपयोग पाहणीनुसार बिनमोबदल्याच्या घरकामात भाग घेणारी भारतीय स्त्री त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवते आणि असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे. आजारी म्हणून घरी थांबलेली स्त्री कचेरीचे काम करते आणि 'घरी आहेसच तर' या तीन शब्दांनी घराचेही काम तिच्या वाट्याला येते. विश्रांतीचा दिवस तिच्यासाठी दुप्पट कामाचा दिवस ठरतो.

दुसरी बाजू

या विवेचनावर व्यवस्थापकांचा आक्षेप काय असेल, हे उघड आहे. रजा सुलभ केली की तिचा गैरवापर होतो, सोमवारचा ताप आणि क्रिकेट सामन्याच्या दिवशीची पोटदुखी कोणत्या कचेरीत नाही, असे ते विचारतील. हा आक्षेप निराधार नाही. स्वीडनमध्ये डिसेंबर १९८७ मध्ये आजारपणाच्या पहिल्या बिनपगारी दिवसाची अट काढून टाकण्यात आली आणि गैरहजेरी वाढली. मार्च १९९१ मध्ये पहिल्या दिवसांचा मोबदला घटवण्यात आला आणि गैरहजेरी उतरली. १९९३ मध्ये बिनपगारी दिवस पुन्हा आणण्यात आला. माणूस आजारी पडण्याचा निर्णय घेत नसला, तरी रजा घेण्याचा निर्णय घेतो आणि तो घेताना पैशाचा विचार करतो. अर्थशास्त्राला हे मान्यच करावे लागेल.

परंतु त्याच स्वीडनची पुढील कथा विसरून चालणार नाही. २०२० मध्ये महासाथ आली, तेव्हा आजारी माणसाने कामावर येऊ नये म्हणून तेथील सरकारला त्या पहिल्या दिवसाच्या कपातीची भरपाई तात्पुरती आपल्या तिजोरीतून द्यावी लागली. जर्मनीने १९९६ मध्ये आजारपणातील वेतन शंभरावरून ८० टक्क्यांवर आणले आणि १९९९ पासून ते पुन्हा शंभर टक्के केले. रजा महाग केली की खोटे आजारी कमी होतात आणि त्यांच्याबरोबर खरे आजारीही कामावर येऊ लागतात. ओल्याबरोबर सुके जळते, त्यातलाच हा प्रकार. दोहोंना वेगळे काढणारी चाळणी अद्याप कोणत्याही देशाला सापडलेली नाही. आपल्याकडील राज्य कामगार विमा योजनेलाही ती सापडली नव्हती. १९४८ च्या त्या कायद्याने आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ सामान्यतः वगळला होता. दोन दिवसांचा आजार हा या दृष्टीने नेहमीच धोरणाचा सावत्र मुलगा राहिला आहे.

येथेच घरून काम करण्याची पद्धत एक मोह निर्माण करते. रजा महाग न करता, कोणावर अविश्वास न दाखवता आणि नियमांत एक अक्षरही न बदलता गैरहजेरी आपोआप कमी होते. म्हणूनच ती अधिक काळजीपूर्वक पाहावयास हवी. वेतनकपात उघड असते. संघटना तिच्याविरुद्ध बोलू शकते. अंथरुणात उघडलेल्या संगणकाविरुद्ध कोण बोलणार? तो तर कर्मचाऱ्याने स्वतःच उघडलेला असतो.

ज्यांना घरून काम नाही

प्रश्नाची आणखी एक बाजू अशी, की ही सोय सर्वांना नाही. टपाल कार्यालयाच्या खिडकीवरील कारकून, बँकेचा रोखपाल, एस. टी.चा वाहक, शिपाई आणि शाळेतील शिक्षक यांना 'आज घरून करतो' असे म्हणता येत नाही. त्यांना दोनच पर्याय आहेत : रजा किंवा हजेरी. स्वीडनमधील कर्मचाऱ्यांविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की आजारी असूनही कामावर येण्याचे प्रमाण शिक्षण आणि शुश्रूषा या क्षेत्रांत विशेष मोठे होते. जेथे आपली जागा घ्यायला दुसरा माणूस नसतो, तेथे आजारपण अंगावर काढले जाते. आपल्या शिक्षकांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रजेवरील शिक्षकाचे तास सहकाऱ्यांच्या मोकळ्या तासांतून भरले जातात आणि या संकोचापायी घसा बसलेला शिक्षक फळ्यावर लिहून वर्ग सांभाळतो.

एकाच संस्थेत काहींचा आजार घरच्या कामात विरून जातो आणि काहींचा हजेरीपटावर लाल शाईने उमटतो, अशी स्थिती आली की तुलना अटळ होते. 'लेखा विभागात रजा इतक्या कमी, मग तुमच्या विभागात इतक्या का,' असा प्रश्न खिडकीवरील कारकुनाला विचारला जाईल. दोन विभागांतील आजाराचे प्रमाण एकच असूनही एक विभाग कार्यक्षम आणि दुसरा कामचुकार ठरेल. घरून काम करणाऱ्याने आपला आजार लपवला, की त्याची किंमत ज्याला तो लपवता येत नाही त्यालाही मोजावी लागते.

घरातील कामाचा एक जुना अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. सोलापूर आणि सिन्नर येथील हजारो विडी कामगार स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या घरीच विड्या वळल्या. त्यांच्यासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कारण घरात शिरलेल्या कामाला वेळेचे, रजेचे आणि आजारपणाचे बंधन आपोआप लागत नाही. हजार विड्यांवर मजुरी ठरली, की तापाचा दिवस म्हणजे बिनमजुरीचा दिवस. संगणकावर बसणाऱ्या पगारदाराची आणि या कामगार स्त्रीची आर्थिक स्थिती सारखी मुळीच नाही. परंतु कामाची जागा घरात आली की आजाराचा दिवस गिळला जातो, हा धडा दोघांनाही लागू पडतो.

करावे काय?

घरून काम बंद करणे हा यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास दुसऱ्या प्रकारच्या आजारात होणारा लाभही जाईल आणि लोकलच्या डब्यात रोग्यांची भर पडेल. उपाय आहे तो सीमारेषा आखण्याचा.

त्यासाठी सर्वप्रथम प्रत्येक संस्थेने हजेरीच्या नोंदीत तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत : कार्यालयात, घरून, आणि आजारी. ज्याने स्वतःला आजारी म्हणून नोंदवले, त्याच्याकडे त्या दिवशी काम मागू नये आणि त्याने पाठवले तरी स्वीकारू नये. 'थोडेसे बघून ठेव' या सौम्य वाक्यातच सीमारेषेचा पहिला भंग होत असतो.

दुसरे असे, की आजारपणाची रजा नैमित्तिक रजेपासून वेगळी काढावी. राज्याच्या २०१७ च्या कायद्यात थोडी भर घालून हे साधता येईल. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी डॉक्टरच्या दाखल्याचा आग्रह नसावा. ब्रिटनमध्ये सात दिवसांपर्यंत कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन पुरते आणि जर्मनीच्या कायद्यात दाखल्याची सामान्य अट तीन दिवसांहून अधिक काळच्या आजारालाच आहे. दोन दिवसांच्या तापाच्या दाखल्याने डॉक्टरची फी वाढते, सत्य वाढत नाही.

तिसरे असे, की पूर्ण काम आणि पूर्ण रजा यांमधील मार्ग अधिकृत करावा. फिनलंडने २००७ पासून अंशतः आजारपणाची सोय केली आहे. बरा होत असलेला माणूस तीत कमी वेळ काम करू शकतो. आपल्याकडे अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा सर्वांच्या परिचयाची आहे. अर्ध्या दिवसाची आजारपणाची रजा आणि उरलेला अर्धा दिवस घरून काम, ही व्यवस्था चोरून चालण्यापेक्षा उघडपणे चालणे केव्हाही चांगले.

चौथी गोष्ट ज्यांना घरून काम करता येत नाही त्यांच्यासाठी. शाळांत आणि खिडक्यांवर बदली माणसाची तरतूद केल्याखेरीज त्यांचा रजेचा हक्क कागदावरच राहील. आणि अखेरची गोष्ट कर्मचारी संघटनांनी करावयाची आहे. रजेचे दिवस वाढवून मागण्याची त्यांना सवय आहे. मिळालेला दिवस खरोखर विश्रांतीत जातो की नाही, हे पाहण्याची सवय आता लावून घ्यावी लागेल. कामाच्या वेळेनंतर साहेबाच्या दूरध्वनीला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. संध्याकाळच्या वेळेला जे लागू व्हावे असे वाटते, ते तापाच्या दिवसाला तर आधी लागू व्हावयास हवे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना काही वर्षे झगडावे लागले. त्या कामगाराचे हाल अपरंपार होते. परंतु एक गोष्ट त्याच्या बाजूची होती. यंत्र गिरणीत होते आणि गिरणीचा दरवाजा बंद झाला की ते त्याच्यामागे खोलीवर येत नसे. आजच्या नोकरदाराचे यंत्र त्याच्या उशाशी असते. त्याला दरवाजा नाही आणि भोंगाही नाही. म्हणून जी सीमा भिंतीने आखली होती, ती यापुढे नियमाने आणि संकेताने आखावी लागेल. आजारी माणसाचे पहिले काम बरे होणे हे आहे, आणि त्या कामासाठी त्याला पूर्ण दिवस मिळाला पाहिजे.